केमो संपली, ऑपरेशन बाकी: मधले तीन-चार आठवडे कसे वापरायचे

स्तनाच्या कॅन्सरची शेवटची केमो झाली की घरात पेढे येतात. यायलाच हवेत. पण त्याच आठवड्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "आता गाठ हाताला लागतसुद्धा नाही, मग ऑपरेशन कशाला? जरा अंगात ताकद येऊ दे, दिवाळीनंतर बघू." बोलणाऱ्याचा जीव तुटत असतो म्हणूनच तो बोलतो. तरीही हा सल्ला ऐकू नका.

गाठ हाताला लागेनाशी झाली, सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसेनाशी झाली, म्हणजे तिथे काहीच उरलं नाही असं होत नाही. उरलंय की नाही हे तो भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच नक्की कळतं. आधी केमो देण्याचे हेतू वेगळे असतात: गाठ लहान करून स्तन वाचवता येतो का पाहणं, काखेतल्या गाठींवर (लसिकाग्रंथींवर) ताबा मिळवणं आणि औषध लागू पडतंय का ते डोळ्यांनी बघणं. ऑपरेशन टाळणं हा त्यातला हेतू नाही.

तारखेचं गणित असं. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जातात आणि त्या भरून यायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून त्याआधी सर्जन सहसा हात घालत नाहीत. दुसरीकडे आठ आठवड्यांपलीकडे ऑपरेशन नेणंही टाळतात, कारण उरलेल्या पेशींना तेवढी मोकळीक मिळते. बहुतेकींचं ऑपरेशन तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात होतं. हा काळ आरामाचा वाटतो, पण करायच्या गोष्टी इतक्या असतात की तो पुरत नाही.

पहिलं काम: तारीख

शेवटच्या केमोची वाट न बघता, तिच्या आधीच्या सायकललाच (फेरीलाच) सर्जनची भेट घ्या. मोठ्या सरकारी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात ऑपरेशनची यादी लांब असते. केमो संपल्यावर नंबर लावला तर पुढचे आठवडे त्यातच जातात. केमो देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "सर्जनकडे कधी पाठवणार? चिठ्ठी आजच मिळेल का?" दोन्ही डॉक्टर एकाच इमारतीत बसत असले तरी फाईल आपोआप चालत नाही. ती घरच्या माणसाच्या हातातून चालते.

हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असणाऱ्यांनी आणखी एक विचारायचं. ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन एकूण वर्षभर चालतं, मग ऑपरेशनच्या आसपासचा डोस कधी घ्यायचा? तरुण मुलींना केमोच्या काळात अंडाशयं झोपवायला महिन्याचं इंजेक्शन सुरू असतं, तेही चालू ठेवायचं की नाही ते विचारून घ्या. या दोन गोष्टी दोन विभागांच्या मधोमध हरवतात.

फाईल

महाराष्ट्रात नेहमीचं चित्र असं की केमो बार्शी, सोलापूर, नांदेड किंवा नाशिकला झालेली असते आणि ऑपरेशन मुंबई-पुण्यात ठरतं. अशा वेळी सर्जनला सर्वांत जास्त लागतो तो केमोचा सारांश: औषधांची नावं, प्रत्येक सायकलची तारीख, डोस, कुठे कमी केला, कशाची रिअॅक्शन आली. बिलांचा गठ्ठा हा सारांश नव्हे. केमो दिलेल्या डॉक्टरांकडून एका कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. ज्याला सगळे "लाल सलाईन" म्हणतात त्या औषधाचा (डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन) एकूण डोस त्यात असायलाच हवा, कारण त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो आणि भूलतज्ज्ञ तो आकडा विचारतात.

पहिल्या बायोप्सीचा रिपोर्ट, त्यावरचे ईआर, पीआर (हार्मोनच्या चाचण्या) आणि हर-टूचे निकाल आणि शक्य असेल तर मेणाचा ब्लॉक व काचपट्ट्याही लॅबमधून ताब्यात घ्या. केमोने सगळी गाठ विरघळली असेल तर ऑपरेशनच्या नमुन्यात तपासायला कॅन्सरच उरत नाही, मग पुढची सगळी वर्षं त्या पहिल्या ब्लॉकवरच निर्णय होतात. तो जपून ठेवा. उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं.

केमोआधीची मॅमोग्राफी, सोनोग्राफी, पेट स्कॅन हे सगळं सीडीसकट बरोबर हवं. मोबाईलमधले फोटो चालत नाहीत असं नाही, पण सर्जनला जुनी आणि नवी प्रतिमा शेजारी ठेवून पाहायची असते.

गाठ कुठे होती हे कसं कळणार?

हा प्रश्न फार कमी जणी विचारतात आणि तो सर्वांत आधी विचारायला हवा. स्तन वाचवायचा असेल तर सर्जनला मूळ गाठीची जागा सापडली पाहिजे. म्हणून केमोआधी किंवा पहिल्या एक-दोन सायकलनंतर गाठीत तांदळाच्या दाण्याहून बारीक अशी धातूची क्लिप सोडतात. काही ठिकाणी त्वचेवर गोंदवून खूण करतात. तुमच्यात क्लिप आहे का, किती, काखेतल्या गाठीतही घातली का, हे फाईलमध्ये शोधा. अजून केमो चालू असेल, क्लिप नसेल आणि गाठ भराभर आटत असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा. गाठ नाहीशी झाल्यावर क्लिप कुठे घालणार?

क्लिप हाताला लागत नाही, म्हणून ऑपरेशनच्या सकाळी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीच्या मदतीने तिच्यापर्यंत बारीक तार घालतात. तारेचं टोक बाहेर राहतं, त्यावर पट्टी असते. त्या दिवशी रेडिऑलॉजी विभागाची एक फेरी वाढते, एवढंच.

कोणतं ऑपरेशन

केमो संपल्यावर पुन्हा मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी होते, गरजेप्रमाणे एमआरआय. त्यावरून दोन स्वतंत्र निर्णय होतात, एक स्तनाचा आणि दुसरा काखेचा. सर्जनशी बोलताना दोन्ही वेगवेगळे विचारा.

स्तनाबाबत आपल्याकडे पक्का समज आहे की "सगळंच काढून टाकलं की डोक्याला ताप नाही." अमेरिका आणि इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. सुरुवातीच्या टप्प्यात स्तन वाचवून ऑपरेशन झालेल्या स्त्रिया आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया, दोघींच्या आयुर्मानात फरक दिसला नाही. स्तन वाचवला तर रेडिएशन घ्यावंच लागतं, ही त्याची अट. दर कामाच्या दिवशी रेडिएशनला जाणं अजिबात जमणार नसेल, तर ते आत्ताच सांगा. गडहिंग्लजहून रोज कोल्हापूर कुणाच्याने होतं आणि कुणाच्याने नाही, हे सर्जनला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.

काही वेळा मात्र पूर्ण स्तन काढणंच योग्य असतं. स्तन लालबुंद होऊन सुजणारा, दाहक प्रकारचा कॅन्सर असेल तर केमोने कितीही फरक पडला तरी स्तन वाचवत नाहीत. गाठी स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत पसरलेल्या असतील, मॅमोग्राफीत दूरवर कॅल्शियमचे संशयास्पद कण असतील, किंवा त्या बाजूला आधी रेडिएशन झालं असेल, तेव्हाही सहसा हाच निर्णय होतो. कॅल्शियमचे कण केमोने जात नाहीत, त्यामुळे "गाठ गेली तरी स्तन का काढताय?" याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं.

आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तुमचं वय कमी असेल, किंवा तुमचा कॅन्सर ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलेला) असेल, तर घराण्यातून येणारा बिघाड शोधणारी बीआरसीएची जनुकीय तपासणी झाली आहे का ते बघा. तिचा निकाल यायला काही आठवडे लागतात आणि तो ऑपरेशनचा आराखडाच बदलू शकतो.

काखेचं असं. सुरुवातीला काखेत काहीच नव्हतं, किंवा होतं आणि केमोने साफ झालं असं दिसतंय, तर निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव टोचून पहिल्या ओळीच्या मोजक्या गाठी काढून तपासता येतात. केमोनंतर अशा किमान तीन गाठी मिळाव्यात असं सर्जन पाहतात. त्यात कॅन्सर सापडला तर सहसा काख पूर्ण साफ करतात. मोजक्या गाठींवर भागलं तर हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो, म्हणून "माझ्या बाबतीत हे शक्य आहे का?" हे विचारणं तुमच्या हक्काचं आहे. निळा रंग टोचला तर ऑपरेशननंतर लघवी हिरवट-निळी होते. घाबरायचं कारण नाही, एक-दोन दिवसांत जाते. पण नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी नक्की सांगा, मेथिलीन ब्लू हा रंग त्यातल्या काही गोळ्यांशी जमत नाही.

स्तनाची पुनर्रचना हवी असेल तर विषय ऑपरेशनआधीच काढा. पोटाची किंवा पाठीची चरबी-स्नायू वापरून करायची, की सिलिकॉनचं रोपण, की रेडिएशन उरकल्यावर वर्षाने, यावर प्लॅस्टिक सर्जनचं मत आधीच लागतं. "या वयात कशाला ते?" असं घरातून ऐकू आलं तर ते तिथेच सोडा, प्रश्न तुमच्या अंगाचा आहे.

एक फॉरवर्ड फिरतो की ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती साधं बधिर करायचं इंजेक्शन दिलं तर कॅन्सर परतण्याचं प्रमाण कमी होतं. हा अभ्यास खरा आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने भारतातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर तो झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्यातल्या स्त्रियांना ऑपरेशनआधी केमो दिलेली नव्हती. सर्जनला जरूर विचारा, फक्त ते इंजेक्शन मिळालं नाही म्हणजे आपलं ऑपरेशन अर्धवट झालं असं समजू नका.

फिटनेस

भूल देण्याआधीच्या तपासणीला सगळीकडे "फिटनेस काढणे" म्हणतात. रक्ताची संपूर्ण मोजणी, यकृत, मूत्रपिंड, साखर, रक्त गोठण्याची चाचणी, कावीळ ब-क आणि एचआयव्ही, रक्तगट, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) हा नेहमीचा संच. लाल सलाईन किंवा ट्रास्टुझुमॅब घेतलेल्यांचा इको अगदी अलीकडचा हवा. इम्युनोथेरपी घेतली असेल तर थायरॉइड आणि कॉर्टिसॉल तपासून घ्यायला सांगा. त्या औषधाने या ग्रंथी मंदावू शकतात आणि भूल देताना ते आधी माहीत असावं लागतं.

रक्ताच्या चाचण्या ऑपरेशनच्या फार आधी करू नका, पेशी रोज बदलत असतात, जुना रिपोर्ट परत करायला लावतात. हिमोग्लोबिन कमी निघालं तर तिथेच थांबून विचारा: लोहाच्या गोळ्या, सलाईनमधून लोह, की रक्त? शेवटच्या आठवड्यात कळलं तर रक्त चढवण्याखेरीज पर्याय राहत नाही.

मधुमेह असेल तर ही खरी लढाई आहे. केमोबरोबर दिलेल्या स्टेरॉइडमुळे साखर वर चढलेली असते आणि ती चढलेली राहिली तर जखम भरत नाही. पाळी केमोने बंद झाली असली तरी गरोदरपणाची चाचणी मागतात, त्यात अपमान वाटून घेऊ नका, सगळ्यांना करतात.

भूलतज्ज्ञांना सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून न्या. हातापायांना मुंग्या येतात का? पॅक्लिटॅक्सेलने बऱ्याच जणींना येतात. हे मुद्दाम लिहून ठेवायचं, कारण काखेच्या ऑपरेशननंतर दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो आणि मग आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं ते कळत नाही. हलणारा दात, कवळी, घोरणं, दमा, पूर्वी भुलेचा झालेला त्रास, जिना चढताना लागणारी धाप, हे सगळं सांगा. कोणत्या हाताच्या शिरा केमोने जळल्या आहेत तेही. सुई शक्यतो ऑपरेशनच्या विरुद्ध हाताला लागणार आणि तिथल्याच शिरा गेल्या असतील तर त्यांना वेगळी तयारी करावी लागते. केमो पोर्ट असेल तर तो याच ऑपरेशनमध्ये काढायचा की पुढच्या इंजेक्शनसाठी ठेवायचा, ते आधी ठरवा.

औषधं, काढे आणि पुड्या

अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. स्टेंट घातलेल्या माणसाने अशी गोळी अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी ज्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" येतं, त्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवायला सांगतात. गोळ्यांची पट्टी उलटी करून त्यावरचं मूळ औषधाचं नाव वाचा. रक्तदाबाच्या काही गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या असतात, काही नाहीत. भूलतज्ज्ञांकडून प्रत्येक गोळीसमोर "घ्यायची" किंवा "नाही" असं लिहून घ्या.

मग ते, जे डॉक्टरांना सांगितलं जात नाही. शेजारच्या काकूंनी दिलेला गुळवेलीचा रस, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, गव्हांकुर, कुठल्याशा वैद्याची पुडी. यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो, काहींनी भुलेच्या औषधांचा परिणाम बदलतो. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. स्वयंपाकातली हळद, आलं, लसूण खुशाल खा. कॅप्सूल, अर्क आणि पुड्या ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी बंद, आणि घेतल्या असतील तर लाज न बाळगता सांगायचं. डॉक्टर ओरडले तर ओरडले.

मिशरी

मिशरीला वेगळा परिच्छेद द्यावाच लागतो. "तुम्ही तंबाखू घेता का?" असं विचारलं की आपल्याकडच्या कित्येक बायका प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात, कारण मिशरी ही त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. पण ती भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांच्या कडेच्या त्वचेला रक्त कमी पोचतं. स्तन काढल्यावर उरलेल्या त्वचेच्या पातळ पदराला नेमकं तेच परवडत नाही, तो काळा पडतो. पुनर्रचना करायची असेल तर धोका आणखी. निदान चार आठवडे आधी मिशरी, तपकीर, तंबाखू, सगळं बंद. शेवटच्या केमोचा दिवस हीच त्याची तारीख धरा. सासूबाईंचा डबा फडताळात समोर दिसत असेल तर सुटत नाही, डबाच घराबाहेर जायला हवा.

खाणं, चालणं, खांदा

केमोने तोंडाची चव गेलेली असते आणि अंगावरचं मांस झडलेलं असतं, किंवा उलट, स्टेरॉइडने वजन वाढलेलं असतं आणि आत स्नायू मात्र कमी. दोन्हीत प्रथिनंच लागतात. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ६६ ते ८२ ग्रॅमच्या आसपास. नुसत्या वरणभाताने हे होत नाही. सकाळी दोन अंडी, दुपारी मटकी किंवा मुगाची उसळ आणि वाटीभर दही, संध्याकाळी मूठभर शेंगदाणे-फुटाणे, रात्री पिठलं, पनीर किंवा मासे असं दिवसभर वाटून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

डाळ खाल्ली, वांगं खाल्लं, आंबट खाल्लं की जखमेत पू होतो, हे खरं नाही. पू जंतूंनी होतो. डाळ बंद केली की मात्र जखम भरायचा मालच बंद होतो.

रोज अर्धा तास चाला, दमल्यास दोनदा पंधरा मिनिटं. तीन चेंडूंचं श्वासाचं खेळणं मेडिकलमध्ये मिळतं, ते आत्ताच आणून सवय करा. ऑपरेशननंतर छाती दुखत असताना शिकणं अवघड जातं.

खांद्याचं महत्त्व बऱ्याच जणींना रेडिएशनच्या वेळी कळतं. तिथे हात डोक्यावर नेऊन स्थिर ठेवावा लागतो. खांदा आधीच आखडलेला असेल, आणि मधुमेही बायकांत तो असतोच बऱ्याचदा, तर ऑपरेशननंतर तो आणखी धरतो. आत्तापासून भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं, खांदे गोल फिरवणं, पाठीमागे हात नेणं हे दिवसातून दोन-तीनदा करा. किती वर जातो तिथे भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. ऑपरेशननंतर त्याच खुणेपर्यंत परत पोचायचंय. फिजिओथेरपिस्टना एकदा आधीच भेटता आलं तर उत्तम.

पैसे, कागद, मुक्काम

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पिवळ्या, केशरीबरोबर पांढरं रेशनकार्डही चालतं. पण रुग्णालय आणि ते ऑपरेशन, दोन्ही योजनेत बसायला हवं आणि पूर्वपरवानगी ऑपरेशनच्या आधी मिळायला हवी. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) तारीख ठरल्याच्या दिवशीच गाठा. अडतं ते बहुधा नावावर: आधारवर सासरचं नाव, रेशनकार्डावर माहेरचं, किंवा रेशनकार्डात नावच नाही. तहसीलच्या फेऱ्या त्या तीन-चार आठवड्यांतच होणार, म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. केमोत मर्यादेतले किती खर्च झाले तेही विचारा, रेडिएशनला काही उरायला हवं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का ते बघा. खासगी विमा असेल तर पूर्वमंजुरीबरोबर पुनर्रचनेचा खर्च धरला आहे का ते लेखी विचारा.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. एसटीतही सवलत आहे.

परळला टाटात ऑपरेशन असेल तर मुक्कामाची सोय आधी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणी नंबर लागायला वेळ लागतो आणि रुग्णालयाची चिठ्ठी लागते. समाजसेवा विभागात विचारा. ऑपरेशननंतर घरी सोडलं तरी ड्रेसिंगसाठी आणि नळी काढायला यावं लागतं, तेव्हा फक्त भरती असलेल्या दिवसांचा मुक्काम धरू नका.

घराची तयारी

ऑपरेशननंतर काही आठवडे त्या हाताने जड उचलायचं नसतं. याचा अर्थ भरलेली कळशी नाही, ओल्या चादरींची बादली नाही, कुकर नाही, कडेवर नातू नाही. भाकरी थापणं, कणीक तिंबणं हेही सुरुवातीला नाही. "मी बघते हो, जमेल" म्हणणारी बाईच ते करायला जाते, म्हणून कोण काय करणार हे नवऱ्याने, मुलांनी, जावेने आधी वाटून घ्यावं. रोजची भांडी वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आणा.

जमिनीवर अंथरूण घालायची सवय असेल तर काही दिवसांपुरती कॉट मिळवा. जमिनीवरून उठताना हातावर जोर येतोच.

कपडे पुढून उघडणारे. पुढे हुकाचे सैल ब्लाउज, पुढे चेनचा गाऊन, नाहीतर नवऱ्याचा जुना सुती शर्ट. डोक्यातून घालायचे कुर्ते आणि गाऊन कपाटात मागे जाऊ द्या.

नळीची पिशवी शिवून ठेवा. ऑपरेशननंतर काखेतून, छातीतून एक-दोन नळ्या बाहेर येतात आणि त्यांना प्लॅस्टिकचा डबा असतो, त्यात लालसर पाणी जमतं. तो डबा हातात धरून फिरणं जिवावर येतं. आमच्या धाकट्या जावेसाठी आईंनी जुन्या सुती साडीची खांद्याला अडकवायची लांब पट्ट्याची पिशवी शिवली, आत दोन कप्पे, पट्टा विरुद्ध खांद्यावरून. वॉर्डातल्या आणखी दोघींनी तिचं माप घेतलं.

आदल्या आठवड्यात

ताप, खोकला, सर्दी, दातदुखी, लघवीला जळजळ, काहीही असलं तर ऑपरेशनच्या सकाळी नाही, तेव्हाच कळवा. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर थेट रुग्णालय. लग्न, पूजा, गर्दीची देवदर्शनं या काळात नको. मास्क असू द्या.

दागिने आता काढा. बांगड्या हात सुजला तर निघत नाहीत. जोडव्या, अंगठ्या साबण लावून काढून बघा. चमकी वर्षानुवर्षं काढलेलीच नसते आणि तिचा मागचा फिरकीचा भाग जाम झालेला असतो. आमच्याकडे सोनाराला बारीक पक्कडीने कापावी लागली. ऑपरेशनच्या पहाटे वॉर्डात हे करायला कुणालाच वेळ नसतो आणि विजेवर चालणारी उपकरणं वापरताना अंगावर धातू नको. मंगळसूत्राबद्दल बायकांचं मन घुटमळतं. नवऱ्याने ते स्वतःच्या गळ्यात किंवा खिशात ठेवलं की बऱ्याचजणी शांत होतात. मेंदी लावू नका, नेलपॉलिश पुसा. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्याला नख स्वच्छ दिसायला हवं. केमोने नखं काळी पडली असतील तर तसं सांगा.

काखेतले केस रेझरने काढू नका. बारीक चिरा पडतात आणि त्यातून जंतू शिरतात. लागले तर तिथे मशीनने काढतील.

आदली रात्र आणि तो दिवस

उपाशी राहायचं म्हणजे किती, यावर गोंधळ असतो. सर्वसाधारण नियम असा: जड, तेलकट जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा खाण्यात मोडतो, पाण्यात नाही. "घोटभर चहाच तर घेतला" यावरून ऑपरेशन पुढे गेल्याची उदाहरणं प्रत्येक वॉर्डात सापडतील. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

रात्री आणि सकाळी साबणाने आंघोळ, काखेत डिओ, पावडर, तेल नाही. डोक्याला स्कार्फ असेल तर थिएटरच्या दारापर्यंत राहू द्यायला सांगा, विग मात्र घरीच.

संमतीपत्र वाचून सही करा. मराठीत मागा. त्यात कोणती बाजू, स्तनाचं काय, काखेचं काय, आणि आत काही वेगळं सापडलं तर काय करायची परवानगी तुम्ही देताय, हे स्पष्ट असू द्या. तुम्ही जाग्या असतानाच सर्जन पेनाने खूण करतात. ती योग्य बाजूला आहे हे स्वतः बघा. तीन-तीनदा नाव आणि बाजू विचारतील, तो विसराळूपणा नसून पद्धत आहे.

नळी, आणि रिपोर्ट

बहुतेकींना एक ते तीन दिवसांत घरी सोडतात, नळीसकट. डबा रोज ठरलेल्या वेळी रिकामा करायचा, मोजायचा आणि वहीत तारीख, मिली, रंग लिहायचा. कोण करणार ते आधीच ठरवा आणि नर्ससमोर एकदा त्या माणसाकडून करून घ्या. २४ तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. कुणाची आठवड्यात निघते, कुणाला दोन-तीन आठवडे लागतात. वही नसेल तर "कमी झालंय वाटतं" एवढ्यावर निर्णय होत नाही.

डबा अचानक लालभडक रक्ताने भरला, छाती एका बाजूने टणक फुगली, ताप आला, एक पाय सुजून दुखू लागला किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता निघा. रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा हा नंबर घरी सोडण्याआधी मागून घ्या.

ऑपरेशनच्या नमुन्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. त्यात कडा स्वच्छ आहेत का (काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कॅन्सर पोचला नाही ना), काखेतल्या किती गाठी तपासल्या आणि किती बाधित निघाल्या, आणि कॅन्सर काही उरला होता का, हे तीन प्रश्न विचारा. उरला असेल तर ते अपयश नाही, त्यावर पुढचं औषध ठरतं. हर-टू पॉझिटिव्हमध्ये काही उरलं असेल तर ट्रास्टुझुमॅबऐवजी टी-डीएम-१ देता येतं, ट्रिपल निगेटिव्हमध्ये कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, बीआरसीए बिघाड असलेल्या काही जणींना ओलापॅरिब. रिपोर्ट हातात पडला की तो सर्जनला दाखवून थांबू नका, त्याच आठवड्यात केमोच्या डॉक्टरांची आणि रेडिएशन विभागाचीही वेळ घ्या.